पहिलं बोललो तेवढंच

मुलीला बारावीनंतर मास कम्युनिकेशनला जायचं होतं, आणि तेही एकाच ठिकाणी. संस्था बडोद्याच्या बाहेर, हायवेला लागून. जागा मोजक्या, मुलं सगळ्या देशातून येणारी. लेखी परीक्षेत ती पास झाली होती. उरली होती दुसरी फेरी, मे महिन्यातली. ती पार पडली तर प्रवेश. नाही तर काय, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, कारण दुसरीकडे कुठे अर्ज करायला ती तयारच नव्हती.

मला हे खटकत होतं. मी नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये काम करते. एकाच नमुन्यावर आम्ही निकाल देत नाही, दुसरा काढून ठेवलेला असतोच. मी तिला म्हटलं, "बी.कॉम.चा फॉर्म तरी भरून ठेव."

"तो भरला की मी बी.कॉम.च करीन, आई."

नवरा रेल्वेत. त्या आठवड्यात त्याची ड्यूटी रतलामच्या बाजूला होती. फोनवर तिला म्हणाला, "बोलायला शिकायचं म्हणून चार वर्षं? तुझ्या आईला विचार, ती कुठल्या कॉलेजात गेली होती." मुलगी हसली नाही. एरवी हसली असती.

शनिवारी सकाळी संस्थेच्या हॉलमध्ये मुलांना विषय मिळाला. ज्याच्या कामावाचून तुमच्या घराचं चालत नाही, पण ज्याला तुम्ही कधी काही विचारलेलं नाही, अशा एका माणसावर पाच मिनिटांचा ध्वनिमुद्रित कार्यक्रम करा. भाषा कोणतीही. ज्याचा आवाज, त्याची परवानगी त्याच्याच आवाजात हवी. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवा. सोमवारी मुलाखत, याच कार्यक्रमावर. निवड झालेल्या मुलांचे कार्यक्रम संस्था आपल्या साइटवर टाकणार, हेही त्या कागदावर लिहिलं होतं.

मागच्या बाजूला आम्ही पालक बसलो होतो. अहमदाबादहून आलेल्या एका वडिलांनी तिथल्या तिथे फोन काढला आणि कुणा मोठ्या साहेबांची वेळ मागायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा शेजारी उभा राहून हळूच म्हणत होता, "पप्पा, साहेबांवाचून आपलं काय अडतंय?" वडिलांनी हाताने त्याला गप्प केलं.

माझी मुलगी बाहेर आली ती थेट स्कूटरकडे. "खाकरेवाल्या मासींकडे चल."

ही बाई आमच्याच भागातली, समामधली. दोन सोसायट्या सोडून मागच्या गल्लीत तिची दोन खोल्यांची बैठी जागा. रोज सकाळी पत्र्याचे मोठे डबे रिक्षात चढवताना दिसायची. कधी रस्त्यात भेटली तर "केम छो बेन", "मजामां", एवढंच. आमच्याकडे चहाबरोबर रोज खाकरा लागतो. तो नदीपलीकडच्या अकोटा भागातल्या एका दुकानातून येतो, आणि त्या दुकानाला माल ही बाई देते, हे मला रिक्षावाल्याकडून कळलं होतं. बाकी तिच्याबद्दल मला काही ठाऊक नव्हतं. म्हणजे विषयात बसत होती.

आम्ही गेलो तेव्हा ती लाटायला बसली होती. पन्नाशीची असावी, माझ्याहून थोडी मोठी. मुलीने गुजरातीत सगळं समजावून सांगितलं. कॉलेजच्या प्रवेशासाठी आहे, तुमच्या कामाबद्दल बोलायचं आहे, आवाज रेकॉर्ड करणार. बाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दीकरीनुं एडमिशन छे, बेन." तिने पदराला हात पुसले आणि परवानगी दिली. गुजरातीतच, फोनकडे तोंड करून, शाळेतल्या मुलीसारखी एकेक शब्द सुटा करून.

मुलीने एक डबा पालथा घालून त्यावर फोन ठेवला. मी उंबऱ्याजवळ पाटावर बसले. पंखा बंद. ज्योत हलते म्हणून खाकरा भाजताना पंखा लावता येत नाही. मे महिना, वर पत्रा. दोन मिनिटांत माझी पाठ भिजली.

पाऊण तास मुलगी विचारत होती आणि बाई उत्तरं देत होती. पीठ कोणतं, मोहन किती, मेथी कधी घालायची, लाटून अर्धवट भाजलेल्या पोळ्यांची चळत कशी लावायची, मग एकेक पोळी मंद आचेवर लाकडी दट्ट्याने दाबून कशी कडक करायची. सगळं बरोबर. सगळं पाकिटावर छापल्यासारखं. मुलगी मधेच माझ्याकडे बघायची. तिचा चेहरा पडत चालला होता. तिला जे हवं होतं ते येत नव्हतं, आणि ते काढायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. या पाच मिनिटांत बाहेरगावची मुलं काय काय करून आणतील, याचा मी हिशेब करत होते.

मग बाईचा हात तव्याच्या कडेला लागला.

"आई गं! मेला तवा!"

मुलगी उठलीच. "मावशी, पाण्याखाली धरा, पाण्याखाली!"

बाई बोट तोंडात धरून तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "तुम्ही मराठी?"

"हो."

"अहो मग मघापासून बेन-बेन काय करताय?"

"तुम्हीच करत होता!"

ती एवढी हसली की तिला दट्ट्या खाली ठेवावा लागला. मीही हसले. बडोद्याच्या मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. घराचा उंबरा ओलांडला की तोंडात गुजराती येतं, आणि समोरचाही तेच बोलतो. आमच्या स्टोअरकीपरशी मी चार वर्षं गुजरातीत बोलले. मग त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, ती मराठीत. तेव्हा दोघांनाही कळलं.

त्यानंतर बाई बोलायला लागली ती थांबेना. तिचं माहेर-सासर दोन्ही इथलंच. सासऱ्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. नवरा मिलमध्ये होता, मिल बंद झाली, मग त्याने रिक्षा चालवली, मग तोही गेला. खाकरा ती शिकली शेजारणीकडून, हट्टाने. पहिल्या महिन्यात इतके जळले की गल्लीतली कुत्रीसुद्धा खायला येईनात. मुलीने विचारलंही नाही तरी ती सांगत होती.

"आणि दुकानात काय सांगतात माहीत आहे? शेठ गिऱ्हाइकाला सांगतो, अमारी बाना हाथना छे. त्याची आई नव्वदीची. तिला हातात काठी धरवत नाही, लाटणं कुठलं धरतेय! मी डबे उतरवत असते मागे. मला सांगून ठेवलंय, दुकानात मराठी बोलायचं नाही."

"का?" मुलीने विचारलं.

"गिऱ्हाईक कसलं आहे त्याचं? कांदा-लसूण न खाणारं. त्यांना वाटतं खाकरा त्यांच्यासारख्याच घरातून येतो. आणि आमच्याकडे रविवारी मटण असतं, खोटं कशाला बोलू." तिने आतल्या खोलीकडे बोट केलं. "पण तिकडे. तिकडची शेगडी वेगळी, भांडी वेगळी. या खोलीत अंडंसुद्धा येत नाही. अंघोळ केल्याशिवाय मी या तव्याला हात लावत नाही. शेठला मी मराठी आहे ते ठाऊक आहे. पुढचं त्याने कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कळलं तर उद्यापासून डबे घरी."

मी त्या खोलीकडे पाहिलं. आमच्या लॅबमध्ये दोन कामं वेगळी ठेवायला एवढी शिस्त कुणी पाळत नाही.

निघताना तिने आम्हाला चहा पाजला आणि मुलीच्या हातावर मेथीच्या खाकऱ्यांची चळत ठेवली. फोन त्या पालथ्या डब्यावर तसाच चालू होता. मुलीने तो उचलला तेव्हा मी पाहिलं. बाईनेही पाहिलं असणार.

रविवारी सकाळी मुलीने मला कार्यक्रम ऐकवला. पाच मिनिटं. सुरुवातीला लाटण्याचा आवाज, मग गुजरातीतली दोन सुटी वाक्यं, मग "आई गं! मेला तवा!", हसणं, आणि पुढे सगळं मराठीत. मटणाचा आणि दुकानाचा भाग तिने काढून टाकला होता. नवऱ्याची रिक्षा, जळलेले खाकरे, गल्लीतली कुत्री, एवढंच. मी काही या विषयातली नव्हे, पण हातातली भाजी चिरायची थांबले होते.

"झालं," मी म्हटलं. "पाठव."

"परवानगी घ्यायची आहे."

"घेतलीस की काल. तुझ्या फोनमध्येच आहे."

"ती दिली तेव्हा त्या गुजराती होत्या."

"बाई तीच आहे."

"आई, हा साइटवर टाकतील. अकोट्यातल्या कुणी ऐकला तर? आवाज ओळखतील. खाकरे, समा, बाई मराठी. मटणाचं मी काढलं तरी पुढचं लोक स्वतःच जोडतील."

"कोण ऐकतंय कॉलेजच्या साइटवर?"

"मग कोणी ऐकणार नाही अशा गोष्टीसाठी मी प्रवेश घेतेय का?"

मी चप्पल घातली.

बाईच्या घराला कुलूप. फोन वाजतोय, उचलत नाही. शेजारची म्हणाली, रविवारी दुपारी माल पोचवायला जाते, दुकानात असेल. बारा वाजून गेले होते. पूल ओलांडून अकोट्याला गेलो. स्कूटरचं हँडल धरवत नव्हतं इतकं तापलेलं. मागे मुलगी नुसती मोबाइलवर वेळ बघत होती, आणि ते मला आरशात दिसत होतं.

दुकानात गर्दी होती. गल्ल्यावर शेठ, काउंटरपुढे दोन बायका नमुना म्हणून दिलेले तुकडे चाखत होत्या. "ताजे आहेत ना?" "बेन, हमणां ज आव्या." मागे आमची बाई डब्यातून खाकरे काढून काचेच्या बरणीत रचत होती. तिने आम्हाला पाहिलं. चेहऱ्यावर ओळखीचं काही आलं नाही.

मुलगी काउंटरपाशी गेली आणि गुजरातीत म्हणाली, "मासी, एक मिनिट. काल आपण बोललो ना, कॉलेजसाठी, त्याबद्दल विचारायचं होतं."

शेठने मान वर केली. "ओळखता तुम्ही?"

एखादा शब्द मराठीत निसटला तर संपलं, असं मी मुलीबद्दल समजत होते. प्रत्यक्षात माझ्याच ओठांवर "अहो" आलं होतं. मी ते गिळलं.

बाई शांतपणे म्हणाली, "आमच्या समाच्या आहेत. मुलीला कॉलेजमध्ये खाकऱ्यावर काहीतरी लिहायचंय."

"अच्छा! आमच्या दुकानाचं नाव घाला हं," शेठ हसून म्हणाला. "लिहा, बाच्या हातचे."

काउंटरवरच्या एका बाईने कौतुकाने मान डोलावली. मुलगी शेठकडे बघून हसली. मग तिने बाईला विचारलं, गुजरातीतच, अगदी साध्या आवाजात, "मासी, मी सगळं घेऊ की थोडं?"

बाईने हातातला खाकरा बरणीत ठेवला. वर बघितलं नाही. "पहेलां बोल्या एटलुं ज लेजे, बेटा."

पहिलं बोललो तेवढंच घे. म्हणजे तो पाऊण तास. मेथी कधी घालायची आणि पीठ कोणतं.

शेठने तेवढ्यात मला अर्धा किलो जिऱ्याचे तोलून दिले. मी घेतले. न घेता बाहेर पडणं बरं दिसलं नसतं.

दुकानाबाहेर सावलीत मी मुलीला म्हटलं, "आता?"

"आता काय. नवीन करायचं."

दीड वाजला होता. घरी येऊन तिने दार लावून घेतलं. मी जेवायला हाक मारली, आली नाही. चार वाजता वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी किती आहे हे विचारायला मी दारापर्यंत गेले आणि परत आले, कारण विचारून वाढणार नव्हती. पावणेपाचला वीज आली. सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना ती बाहेर आली. "गेला," म्हणाली, आणि ताटावर बसली.

तिने मला तो नवा कार्यक्रम ऐकवला नाही. मीही मागितला नाही. रात्री जेवताना एवढंच म्हटलं, "उद्या विचारलंच त्यांनी, तर ते मराठीतलं ऐकव. तीन-चार माणसं असतील खोलीत. ती काही अकोट्याला जाऊन शेठला सांगणार नाहीत."

ती पाणी पीत होती. पिऊन झाल्यावर भांडं मोरीत ठेवून आली.

सोमवारी तिचा नंबर अकरानंतर लागला. बाहेरच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. अहमदाबादचे वडील पुन्हा भेटले. त्यांच्या मुलाने शेवटी साहेबांना सोडून त्यांच्या इमारतीतल्या लिफ्टवाल्यावर कार्यक्रम केला होता. "साहेबांनी वेळ दिलेली, मॅडम," ते मला सांगत होते, "आणि हा लिफ्टवाल्याबरोबर वर-खाली करत बसला. आता मी साहेबांना काय तोंड दाखवू?" त्यांचा मुलगा दहा मिनिटांत बाहेर आला, चेहरा उजळलेला. मग माझी मुलगी आत गेली.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. पुढच्या मुलाला बोलावणारा शिपाई दार किलकिलं करून आत बघायचा आणि परत स्टुलावर बसायचा. मी इतकी वर्षं पिपेटमधला शेवटचा थेंब पडायची वाट बघत आलेय, वाट बघणं मला जमतं. त्या दिवशी जमेना. मी दोनदा पाणी प्यायले, तहान नसताना.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फोन होता, घट्ट धरलेला. "चल," म्हणाली.

गेटबाहेर उसाच्या रसाची गाडी होती. तिथे बाकावर बसून तिने आत काय झालं ते सांगितलं.

आत तिघं होते. एक टक्कल पडलेले सर, एक तरुण सर, आणि जाड चष्म्याच्या एक मॅडम. तरुण सरांनी लाटण्याच्या आवाजाचं कौतुक केलं. मॅडमनी मधेच तोडलं. "आवाज चांगला पकडला आहेस. पण ही बाई पाठ केल्यासारखं बोलतेय. तुला ते ऐकू आलं नाही?"

"आलं."

"मग? याहून चांगलं काही मिळालंच नाही?"

"मिळालंय."

"कुठे आहे?"

"फोनमध्ये."

"मग हे का पाठवलंस?"

"त्यांनी ते नको म्हटलं."

मॅडमनी टेबलावर हात टेकले. "फोन आहे ना तुझ्याकडे? ऐकव. ही खोली बंद आहे, इथून काही बाहेर जात नाही. आम्हाला एवढंच बघायचंय की तुला माणूस बोलता करता येतो की नाही."

फोन तिच्यासमोर टेबलावरच होता. फाइल कुठे आहे हे तिला डोळे मिटून सापडलं असतं. ती म्हणाली, "नाही."

"तू आता स्वतःचंच नुकसान करतेयस, कळतंय ना?"

"हो."

टक्कलवाल्या सरांनी मग पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्यात लोकांना कळायला हवं असं काही आहे का?"

"काही लोक म्हणतील, आहे," मुलगी म्हणाली. "मला वाटतं, नाही."

"आणि हे तू ठरवणार?"

"फोन माझा आहे, सर. आज मलाच ठरवायला लागेल."

यावर तरुण सर हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुढचे दोन प्रश्न वर्तमानपत्रांवर विचारले, त्यातल्या एकाचं उत्तर हिला आलं नाही, आणि मुलाखत संपली.

रस संपला होता. मी ग्लास खाली ठेवला. "ऐकवायचं होतंस."

"माहीत होतं तू हे म्हणशील."

"त्या बाईला काय कळणार होतं?"

"मला कळलं असतं ना, आई."

"तुला कळून कुणाचे डबे बंद होणार होते? मॅडम तुझी परीक्षा घेत होत्या. प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं."

"दिलं की. नाही म्हटलं."

मला राग आला होता, आणि तो खरा राग होता. एवढी मेहनत, एवढं ऊन, आणि शेवटी स्वतःच्या हाताने झाकण लावून मोकळी. मी मंगळवारी कामावर गेले आणि बी.कॉम.च्या फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे ते बरोबरच्या एकीकडून काढून घेतलं.

शुक्रवारी यादी लागली. तिचं नाव प्रवेशाच्या यादीत नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं, बरंच खाली. अहमदाबादच्या मुलाचं वर होतं. लिफ्टवाला कामी आला होता.

मुलगी रडली नाही. खोलीतलं कपाट आवरायला काढलं आणि दोन दिवस तेच करत बसली. मी फॉर्म छापून आणला आणि तिच्या टेबलावर ठेवला. तिने तो भरला, खाडाखोड न करता. तेव्हा मात्र मला बरं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी खाकरेवाल्या बाईचा फोन आला, माझ्या सुट्टीच्या दिवशी. आता मराठीत. "ताई, पोरीचं झालं का?"

मी सांगितलं, प्रतीक्षा यादी.

"माझ्यामुळे?"

"तसं काही नाही."

"तसंच आहे. मला दुकानात समजलं होतं ती काय विचारत होती ते. ऐका, तिला म्हणावं, ऐकव त्यांना. सगळं. मी विचार केला. शेठ करून करून काय करणार? एवढा पातळ त्याला दुसरं कोण लाटून देणार आहे? बघू."

"आता त्याचा उपयोग नाही हो. मुलाखत होऊन गेली."

"परत नाही घेत?"

"नाही."

"मेलं!" ती म्हणाली, आणि फोनमध्ये थोडा वेळ नुसता लाटण्याचा आवाज येत राहिला. "मला कालच करायला हवा होता फोन." आठवडा उलटून गेलाय हे मी तिला सांगितलं नाही. मुलीला फोनचं सांगितलं. तिने विचारलं, "घाबरल्या होत्या का?" मी म्हटलं, "नाही, लाटत होत्या."

जूनच्या मध्यावर यादी सरकली. मोठ्या शहरांतल्या मुलांना तिकडे जागा मिळाल्या, इथल्या सुटल्या. एक नाव गळलं, मग तीन, मग काही दिवस काहीच नाही. मुलगी रोज सकाळी साइट उघडायची आणि बंद करायची, दात घासावेत तशी. बी.कॉम.च्या कॉलेजात ओळखपत्राचा फोटो काढून झाला होता.

संस्थेचा फोन आला तो माझ्या नंबरवर, कारण पालक म्हणून तोच दिलेला. आमच्या प्लांटमध्ये मोबाइल आत नेता येत नाही, गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. शिफ्ट संपवून मी तो हातात घेतला तेव्हा एकाच नंबरचे चार कॉल होते आणि एक संदेश. आज संध्याकाळपर्यंत होकार कळवा, नाही तर जागा पुढच्याला. कंपनीची बस सुरू झाली होती. मी तिच्या पायरीवर उभी राहून नंबर लावला. तीनदा एंगेज. चौथ्यांदा एका मुलीने उचलला आणि म्हणाली, "मॅडम, आम्ही दुपारपासून ट्राय करतोय, आता पुढच्या नावाला लावतच होतो."

"लावू नका," मी म्हटलं. "येतेय ती."

इतक्या जोरात म्हटलं की बसमधल्या सगळ्यांनी बघितलं.

तिला जागा का मिळाली, तर तिच्या वरची मुलं दुसरीकडे गेली म्हणून. मुलाखतीत नाही म्हटल्यामुळे तिचे गुण वाढले की कमी झाले, ते संस्थेने सांगितलं नाही, आणि मी त्यातून कुठलाही धडा काढत नाही. माझं अजूनही म्हणणं आहे की ऐकवायला हवं होतं. तिचं अजूनही म्हणणं आहे की नाही.

प्रवेश पक्का करायला गेलो त्या दिवशी कागद तपासायच्या टेबलावर त्याच जाड चष्म्याच्या मॅडम होत्या. मुलगी ताठ झाली. मला कोपराने ढोसलं. तिची पाळी आली. मॅडमनी गुणपत्रक उलटंसुलटं पाहिलं, फोटोशी चेहरा ताडून पाहिला, आणि विचारलं, "शाळा सोडल्याचा दाखला? मूळ प्रत हवी. झेरॉक्स नको."

मुलीने दिला.

"स्थलांतर प्रमाणपत्र नंतर जमा कर. नेक्स्ट."

आम्ही बाहेर आलो. मुलगी व्हरांड्यात मधेच थांबली. "आई, त्यांनी मला ओळखलंसुद्धा नाही!"

"किती मुलं बघितली असतील त्यांनी."

"पण मी नाही म्हटलं होतं त्यांना. तोंडावर."

"तुला काय वाटलं, तू एकटीच म्हणालीस?"

ती बघतच राहिली. मग तिने दाराकडे मान वळवली. आत मॅडम पुढच्या मुलाला झेरॉक्सवरूनच रागावत होत्या.

"कोण म्हणालं असेल अजून?" तिने विचारलं.

"विचार त्यांना. आता चार वर्षं आहेत तुझ्याकडे," मी म्हटलं आणि हॉस्टेल नको, ये-जा करणार, हे लिहून द्यायचा काउंटर कुठे आहे ते बघायला निघाले.